नीटची तयारी करताना शिबिर, सहल आणि प्रात्यक्षिके यांना वेळ द्यावा का?

प्रश्न (अकरावी विज्ञान, जुळे सोलापूर)
शाळेत असताना भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक पाहिले. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेला हा माणूस आपल्या सोलापूरचा, हे कळल्यापासून डॉक्टर होण्याचे माझ्या मनात पक्के आहे. आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होणार आहे, जीवशास्त्र विभाग आम्हाला नान्नजच्या माळढोक अभयारण्यात नेणार आहे आणि दर आठवड्याला प्रात्यक्षिके असतात. शिकवणीतील बहुतेक मुले यांतल्या कशालाच जात नाहीत. प्रात्यक्षिकाची वहीसुद्धा दुसऱ्याची पाहून उतरवतात. दोन वर्षे हे सगळे बाजूला ठेव, असे घरच्यांचे म्हणणे आहे. या काळातून गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (इंटर्न डॉक्टर)
नीटच्या ७२० गुणांपैकी एकही गुण शिबिरामुळे मिळत नाही, हे आधी मान्य करते. तरीही तू जावेस, असेच मला मनापासून वाटते. अकरावीत असताना आम्ही पूर्व भागात विडी कामगार महिलांच्या आरोग्याची माहिती घ्यायला घरोघर फिरलो होतो. पहिल्याच घरी मी मराठीतून प्रश्न वाचत राहिले आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या आजी नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. शेजारच्या मुलीने सांगितले की, दुखण्याला तेलुगूत ‘नोप्पी’ म्हणतात. तो एक शब्द माझ्या तोंडून निघताच आजींनी सूप खाली ठेवले, मानेपासून मनगटापर्यंत हात फिरवून दाखवला आणि मग त्या अर्धा तास बोलत होत्या. आज ओपीडीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी बोलणारे रुग्ण एकाच रांगेत उभे असतात. कन्नड बोलणाऱ्या रुग्णाला मी ‘नोवु’ कुठे आहे असे विचारते, तेव्हा पुढची तपासणी निम्मी सोपी होते. दुसऱ्याच्या दुखण्याजवळ शांत बसणे आपल्याला जमते की नाही, हे मला त्या ओसरीवर कळले.

उत्तर (निवृत्त जीवशास्त्र शिक्षक)
प्रात्यक्षिकाची वही उतरवून काढण्याची ही सवय मी अनेक वर्षे पाहिली आणि तिचे मला फार वाईट वाटते. बारावीला जीवशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे असतात, आणि वैद्यकीय प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गात भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून ५० टक्के गुणांची अटही आहे. पण माझा आग्रह गुणांसाठी नाही. कांद्याच्या मुळाचे टोक ॲसिटोकार्माइनमध्ये ठेवून, स्पिरिटच्या दिव्यावर जरासे कोमट करून, टिपकागदाखाली अंगठ्याने दाबून स्लाइड तयार करावी आणि सूक्ष्मदर्शकात पेशीच्या मध्यावर रांगेत उभी राहिलेली लालसर गुणसूत्रे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. ज्याने ती एकदा पाहिली, त्याला सूत्री विभाजनाच्या अवस्था पाठ कराव्या लागत नाहीत. नान्नजलाही अवश्य जा. माळढोक आता क्वचितच दिसतो, परंतु गवताळ माळ आणि त्यावरचे काळविटांचे कळप पाहिल्यावर परिसंस्थेचा धडा निराळाच वाटतो.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी)
वरील दोन्ही मते मला मान्य आहेत, पण एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. मी शिबिर, स्नेहसंमेलन, एकांकिका असे सगळेच केले आणि त्या धावपळीत भौतिकशास्त्र मागे पडले. नीटमध्ये त्या विषयाचे ४५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण कापला जातो. दोन्ही प्रयत्नांत माझी संधी तिथेच हुकली. त्यामुळे शिबिर अकरावीतच करावे, बारावीच्या दिवाळीनंतर कशातही नाव देऊ नये, आणि भौतिकशास्त्राची रोजची उदाहरणे शिबिराच्या मुक्कामीही सोडवावीत. प्रात्यक्षिके मात्र एकही चुकवू नये. वैद्यकीय प्रवेश हुकल्यावर पुढे काय शिकायचे, हे मी प्रयोगशाळेच्या ओढीनेच ठरवले.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी हे सगळे वाचून दाखवले; शिबिराला होकार मिळाला आहे. सर, कांद्याची मुळे नेमकी कधी कापावीत?

उत्तर (निवृत्त जीवशास्त्र शिक्षक)
सकाळी आठ-नऊच्या सुमारास कापावीत, कारण तेव्हा टोकाशी विभाजन पावणाऱ्या पेशी अधिक सापडतात. कांद्याची जुनी, वाळलेली मुळे आधी खरडून टाकावीत आणि तळ जेमतेम पाण्याला टेकेल अशा बेताने तो पेल्यावर ठेवावा.