पांडुरंग सांगवीकर नेमका कोणत्या टाइपचा? चाचणी दोनदा भरली, उत्तरं दोन आली

ज्वारीचं_कणीस (अंबाजोगाई)

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला नेमाड्यांची कादंबरी 'कोसला' घेतलीय, पांडुरंग सांगवीकर तिचा नायक. वाचता वाचता डोक्यात खूळ शिरलं की पांडुरंगाच्या नावानं ती सोळा टाइपवाली फुकटची चाचणी भरून बघावी. रात्री लाइट गेली होती, मोबाइलच्या उजेडात रूममेट प्रश्न वाचायली आणि मी पांडुरंग होऊन उत्तरं द्यायले.

पहिल्या खेपेला वसतिगृहातला पांडुरंग धरला. वादविवाद मंडळ, गॅदरिंगचं नाटक, मेसचा कारभार, मित्रांवर उधळलेले बापाचे पैसे. आलं ईएनएफपी, म्हणजे बहिर्मुख, भावनेनं चालणारा. दुसऱ्या रात्री धाकटी बहीण मनी गेल्यानंतरचा, गावी परतलेला पांडुरंग धरला, तर आयएनटीपी, म्हणजे अंतर्मुख, विचारानं चालणारा! माणूस एकच आणि चारातली दोन अक्षरं फिरली. रूममेट म्हणे, "तुझंच काहीतरी चुकायलंय."

सरांना सांगितलं तर ते म्हणाले हे राशिभविष्य आहे, वर्गात आणू नको. मला सोडवत नाही. कुणी यातलं जाणतं आहे का?

खिडकी_क्रमांक_तीन (लातूर)

ताई, आधी ती चाचणी बाजूला ठेवा. माणूस काय काय करतो ते ती विचारते. युंग ह्या मानसशास्त्रज्ञानं 1921 च्या पुस्तकात मांडलं ते वेगळं होतं: मनाची ओढ बाहेर आहे का आत. त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची लेक इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली बसवली, शेवटची जे-पी (आधी ठरवून चालणारा का वेळेवर बघणारा) ही जोडी त्यांनी पदरची घातली.

मेस चालवतो म्हणून पोरगा बहिर्मुख होत नाही. मी बँकेत खिडकीवर दिवसभर बोलायलो. घरी गेल्यावर बायकोनं "भाजी कोणती करू?" विचारलं तरी नको वाटतं.

तुम्ही मेसचा हिशोब बघा. लोक त्याचा गैरफायदा घेतात, नुकसान त्याच्या अंगावर येतं. आतल्या आत त्याला सगळं कळतंय, पण तोंडावर तगादा लावणं जमत नाही. माझं मत आयएनएफपी.

निवृत्त_मास्तर (नांदेड)

बाई, तुमच्या सरांचं अर्धं खरं आहे. 1948 मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं वर्गातल्या 39 पोरांना "तुझं व्यक्तिमत्त्व" म्हणून प्रत्येकाला एकच मजकूर दिला. मजकूर घेतला होता ज्योतिषाच्या पुस्तकातून. पोरांनी तो किती जुळतो याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले! त्या पोरांनी निदान स्वतःसाठी तरी मान डोलावली. पांडुरंग कुठं डोलावतोय? त्याच्या वतीनं तुम्हीच डोलवायलात.

दुसरं. तुम्ही दोन पांडुरंग धरले, तिसरा सुटला. सांगतोय कोण? पहिल्याच पानावरचा 25 वर्षांचा माणूस. मेसवाला पोरगा तुम्हाला भेटलेलाच नाही, त्याच्याबद्दल जे कळलं ते ह्या बुवानं सांगितलं तेवढंच.

सीताफळ (बीड)

एनिॲग्रॅमनं बघा की. त्यात स्वभावाचे नऊ प्रकार असतात, पांडुरंगाबद्दल आमच्यात भांडण चार, पाच का नऊ एवढंच चालतं. गंमत म्हणजे कॅरन हॉर्नाय ह्या मनोविश्लेषक बाईंच्या मांडणीवरून लोकांनी ह्या नऊचे तीन गट पाडले, त्यात हे तिन्ही नंबर एकाच गटात पडतात: मागं सरणारे. बाकी भांडण आमचं आम्ही बघतो.

ज्वारीचं_कणीस (अंबाजोगाई)

मास्तर, तिसऱ्याचं म्हणालात ते बरोबर बसलं. दादा, मेसचंही पटलं, पण तगादा लावता आला नाही हेसुद्धा तोच सांगतोय ना? स्वतःला बावळट ठरवून सांगायची त्याला सवयच आहे.

कॉलेजच्या सहलीत अजिंठ्याला गेलो होतो. सव्वीस नंबरच्या लेण्यात निजलेला बुद्ध आहे, महापरिनिर्वाणाचा. गाइडनं आधी तोंडावर टॉर्च मारला आणि मग खाली बसलेल्या शिष्यांवर. खालची माणसं दुःखात, वरचा शांत. तेव्हा काही वाटलं नाही, फोटो काढले आन् बसमध्ये येऊन चिवडा खाल्ला. परवा पुस्तकातला अजिंठ्याचा भाग परत वाचताना तो टॉर्च आठवला. हा सांगणारा सारखा वरच्यासारखा शांत पडून राहायला बघतो, आणि उजेड खाली गेला की फसतो. सांगताना सारखे येणारे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' ही त्याची पांघरुणं.

म्हणून आता चाचणी बंद. मेसची पानं आणि मनीची पानं समोरासमोर ठेवून 'वगैरे' कुठं किती येतं ते मोजणार आहे. टाइप करायचा तर सांगणाऱ्याचा. दादांचं आयएनएफपी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलंय, खोडरबर जवळ आहे.

ग्रंथालयाची प्रत आहे. माझ्याआधी कुणीतरी निळ्या शाईनं प्रत्येक 'उदाहरणार्थ'ला गोल करत गेलंय, चाळीस पानांनंतर दमलंय बिचारं.