कोची बंदरात जहाज थांबते तेव्हा: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-३०२: नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जाणार असून वाटेत जहाज कोचीला सकाळी आठ ते संध्याकाळी पाच थांबणार आहे. सोबत सासूबाई आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. जहाजावरून मिळणारी बसची सहल घ्यावी की स्वतंत्रपणे फिरावे, हे ठरत नाही. बी-१०४ मधील काका गेल्या वर्षी जाऊन आले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-१०४: ताई, थोडे सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट अशी की, नऊ तासांचा मुक्काम दिसत असला तरी हातात सहाच तास धरा, कारण उतरताना रांगेत वेळ जातो आणि जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी परत यावे लागते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबते. आपली रिक्षा अडकली तर थांबत नाही. तरीही आम्ही रिक्षाच ठरवली आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही, कारण बसवाले प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे देतात आणि उरलेला वेळ दुकानांत घालवतात.

जहाज विलिंग्डन बेटावर लागते. हे बेट मुळात एवढे मोठे नव्हतेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉबर्ट ब्रिस्टो या बंदर अभियंत्याने खाडीच्या मुखाशी आडवी पडलेली वाळूची दांडी कापून मोठ्या जहाजांना आत यायला वाट करून दिली आणि उपसलेला गाळ टाकून ही जमीन तयार केली. मुळात कोचीचे बंदरच गाळाच्या कृपेने मोठे झाले, असे म्हणतात; १३४१ च्या पेरियार नदीच्या महापुरात मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने बुजले आणि व्यापार इकडे सरकला.

सी-२०१: आपल्याकडे उजनी धरणातल्या गाळावर वर्षानुवर्षे केवळ चर्चा होते आणि तिथे गाळातून बेट उभे राहिले!

बी-१०४: खरे आहे, पण विषयावर राहू या. बेटावरून पूल ओलांडून फोर्ट कोचीला गेल्यावर सेंट फ्रान्सिस चर्च पाहा. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी ते उभारले, पुढे ते डचांकडे आणि नंतर इंग्रजांकडे गेले. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीतच वारला आणि त्याला याच चर्चमध्ये पुरले. चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले, त्यामुळे लोक आज जिथे फोटो काढतात तो दगड आहे, माणूस नाही. मला मात्र त्या दगडापेक्षा छताला टांगलेले लांबलचक पंखे अधिक लक्षात राहिले. बाहेर बसलेला माणूस दोरी ओढत राही आणि आत प्रार्थना करणाऱ्यांना वारा मिळे. सोलापूरच्या मे महिन्यात वीज गेल्यावर त्या दोरीची किंमत कळते.

चर्चपासून थोड्याच अंतरावर किनाऱ्यावर चिनी जाळी आहेत. बांबू आणि सागवानाच्या खांबांचा एक भला मोठा तराजूच समजा. एका टोकाला जाळे आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. चार-पाच माणसे मिळून ते खाली-वर करतात. ही पद्धत चिनी व्यापाऱ्यांनी आणली की पोर्तुगीजांनी मकाऊहून, याबद्दल दोन मते आहेत. इथे बसायला बाक आहेत, सासूबाईंना तासभर निवांत बसता येईल.

डी-४०३: काका, सिनेगॉगविषयी, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळाविषयी लिहिले नाही. आम्ही दीर नौदलात असताना कोचीला गेलो होतो, तेव्हा तेच सर्वांत आवडले होते.

बी-१०४: कारण आम्हाला ते आतून पाहता आले नाही! आम्ही शनिवारी पोहोचलो आणि शनिवारी ते बंद असते. सहल ठरवून देणाऱ्या एजंटाने मात्र कागदावर तेच पहिल्या क्रमांकावर लिहून दिले होते. आम्ही १७६० चा घड्याळाचा मनोरा बाहेरूनच पाहून परतलो. आतले वर्णन आपण लिहावे.

डी-४०३: मट्टानचेरीतील हे प्रार्थनास्थळ १५६८ चे आहे. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा आहेत आणि वर काचेची झुंबरे. चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा त्या थंड फरशांवरून आपण शेकडो वर्षांच्या व्यापारावरूनच चालतो आहोत असे वाटते. इथले बहुतेक ज्यू पुढे इस्रायलला गेले. गल्लीचे नाव मात्र ज्यू टाऊनच राहिले.

शेजारचा मट्टानचेरी राजवाडाही सोडू नये. त्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी नंतर दुरुस्ती तेवढी केली आणि नाव त्यांचे झाले. आत भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. या भागात गोव्याहून आलेल्यांची कोकणी कानावर पडते, गुजराती दुकानदार दिसतात. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच टपरीवर ऐकू येते, तसेच काहीसे.

ए-३०२: सर्वांचे आभार. आत्ताच तिकीट पाहिले, तर जहाज कोचीला शुक्रवारी लागणार आहे. सिनेगॉग उघडे असेल ना?

डी-४०३: शुक्रवारी ते दुपारनंतर बंद होते आणि राजवाडा तर दिवसभरच बंद असतो. म्हणजे राजवाडा वगळावाच लागेल.

बी-१०४: मग क्रम उलटा करा. उतरताच थेट मट्टानचेरीला जा, सिनेगॉग सकाळीच पाहून घ्या, मग चर्च आणि शेवटी जाळी. रिक्षावाल्याशी परतीची वेळ आधीच ठरवा आणि दुपारी तीनला जाळ्यांपासून निघा, कारण पुलावर गर्दी होते. जहाजाचे कार्ड आणि आधार कार्ड जवळच ठेवा.

ए-३०२: तसेच करतो काका. ज्यू टाऊनमधून काळ्या मसाल्यासाठी मिरे आणायचे आहेत, तुमच्यासाठी किती आणू?

बी-१०४: अर्धा किलो. पैसे आत्ताच पाठवतो, म्हणजे तुम्ही विसरणार नाही.