मदत हवी आहे: मीडियाविकीच्या एपीआयने लॉगिन होतं, पण पुढच्याच कॉलला मी अनामिक

वाचनालयाच्या अंतर्गत विकीवर (विकी चालवणारं सॉफ्टवेअर मीडियाविकी, आवृत्ती १.३९) साडेतीनशे पुस्तकांच्या नोंदी पायथॉनच्या स्क्रिप्टने, एपीआयमार्फत (प्रोग्रामने विकीशी बोलायची सोय) चढवायच्या आहेत. लॉगिन टोकन (विनंतीसोबत परत पाठवायची खूणचिठ्ठी) मिळतं, बॉट पासवर्डने (स्क्रिप्टसाठी काढलेला मर्यादित अधिकारांचा वेगळा पासवर्ड) लॉगिन केलं की उत्तर 'सक्सेस' येतं. मात्र लगेच एडिटसाठी सीएसआरएफ टोकन (बनावट विनंत्या रोखणारं, संपादनाला लागणारं टोकन) मागितलं, तर हातात पडतं फक्त +\ एवढंच. म्हणजे अनामिक सदस्याचं टोकन!

तिन्ही कॉल पायथॉनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीच्या एकाच सेशनमधून जातात, त्यामुळे 'कुकी (लॉगिनची ओळख ठेवणारी छोटी नोंद) जपतोयस ना?' हे कृपया विचारू नका. बॉट पासवर्डला पानं संपादायची परवानगी दिली आहे. नेहमीचा पासवर्डही वापरून पाहिला, तेच.

गंमत म्हणजे घरच्या लॅपटॉपवरून एचटीटीपीएसने तीच स्क्रिप्ट बिनतक्रार चालते. बिघडते ती सर्व्हरवर, जिथे पत्ता साध्या एचटीटीपीचा आहे. सेशन छापून पाहिलं, कुकी आत दिसते, पण पुढच्या विनंतीच्या हेडरमध्ये नसते. कुकीवर 'सिक्युअर' खूण आहे (अशी कुकी फक्त एचटीटीपीएसवरच पाठवली जाते), माझा संशय तिच्यावरच.

ओऑथचं (पासवर्डऐवजी परवानगीच्या टोकनने ओळख पटवायची पद्धत) एक्स्टेंशन टाकायची मुभा नाही, सर्व्हरवरून बाहेरचा पत्ताही उघडत नाही. अशा वेळी लोकलसेटिंग्जमध्ये (विकीच्या सेटिंग्जची फाइल) 'सिक्युअर' बंद न करता फक्त या स्क्रिप्टपुरती कुकी कशी पाठवता येईल?