मदत हवी आहे : बाहेरची लाईट जोडली की गाडीच्या दाराला करंट

झिरोमाईल_ते_कुठेही :
लवकर सांगा, शनिवारी परत निघायचंय. गेल्या रविवारी रामटेकजवळ खिंडसीच्या बाजूला एका रिसॉर्टच्या आवारात आमची राहायची गाडी लावली, तिथल्या सॉकेटला वायर जोडली, एसी सुरू, सगळं मस्त. पोरगी अनवाणी उतरली, दाराची मूठ धरली आणि किंचाळली. मी चपला घालून धरली तर काहीच नाही. घरी लावतो तेव्हा असं होत नाही. काय बदलू?

तर्री_पोहे :
गाडी कोणती? वायर किती एमएमची? प्लग सहाचा का सोळाचा? भाऊ, हे न सांगता "काय बदलू" म्हणजे डॉक्टरले फोनवर "दुखते" सांगून गोळी मागणं झालं.

झिरोमाईल_ते_कुठेही :
ट्रॅव्हलर, आत बेड-किचन करून घेतलेली. वायर अडीच एमएम, 30 मीटर, ड्रमवाली. प्लग सोळाचा.

इतवारीचा_तारवाला :
अर्थची जाडी पिन काढून टाक. माझ्या कूलरले तसंच होत होतं, पिन काढली, दोन वर्षं झाली, शॉक नाही.

निवृत्त_अभियंता :
वरचा सल्ला कृपया कोणीही पाळू नका. कूलरला चिकटून माणूस गेल्याच्या बातम्या आपल्याकडे उन्हाळ्यात येतच असतात.
गाडी रबरी टायरवर उभी असते. चार्जर, टीव्ही यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट बॉडीवर येतो, तो अर्थच्या वायरने निघून जायला हवा. अर्थ तुटलेली असेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे शंभर-सव्वाशेवर लटकत राहते. आज झिणझिण्यांवर भागलं. उद्या गीझरची कॉइल फुटली तर तीच बॉडी थेट 230 वर. सॉकेटवर मल्टिमीटर लावा : फेज (करंट आणणारी तार)-न्यूट्रल (परतीची तार) आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यावेत, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत.

झिरोमाईल_ते_कुठेही :
गाडीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) आहे. टेस्टचं टी बटण दाबलं की पडतो. म्हणजे अर्थ ठीकच ना?

निवृत्त_अभियंता :
नाही. ते बटण फेज-न्यूट्रलवरच चालतं, अर्थ नसली तरी पडणारच. आणि झिणझिण्यांच्या एवढ्याशा करंटला तो दाद देत नाही.

शेतावरचा_बावा :
एवढं कायले? दोन फुटाची सळाख ठोक, बॉडी बांध तिले, वरून बादलीभर मीठपाणी. झालं.

तर्री_पोहे :
मे महिन्यात? काळी माती अशी फाटली असते का भेगेत पाय जाईल. सळाखीचा मातीशी रोध 200 ओहम धर. 230 भागिले 200, सव्वा अँपिअर बी नाही. सोळाचा एमसीबी (सोळा अँपिअरच्या वर लोड गेला की पडणारा स्विच) कायले पडते?

शेतावरचा_बावा :
आरसीसीबी तर पडन ना! आहे म्हणते ना तो.

निवृत्त_अभियंता :
हे बरोबर. पण सळाख वरून जास्तीची म्हणून ठीक, सॉकेटच्या अर्थऐवजी नाही. आणि जोडताना गाडीचे एमसीबी बंद ठेवा, आधी गाडीकडचं टोक, मग सॉकेट. काढताना उलट.

धरमपेठची_माई :
ट्रॅव्हलर मायलेज किती देते हो? आणि आरटीओत नोंद बदलावी लागली का? आमचे हे कधीचे मागे लागलेत.

इतवारीचा_तारवाला :
दोन वर्षं झाली, मी जिवंत आहे. एवढंच सांगतो.

झिरोमाईल_ते_कुठेही :
माई, मायलेजचं नंतर सांगतो. आज मीटर घेऊन मुद्दाम गेलो. फेज-न्यूट्रल 218, फेज-अर्थ 61. त्यांच्या वायरमनला बॉक्स उघडायला लावला. हिरवी वायर मागे दुमडून काळ्या टेपने गुंडाळलेली! "लाल-काळ्यावर लाईट लागते न साहेब." जोडून घेतली. आता न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट, दाराला काही नाही. पोरगी मात्र अजून ओढणी गुंडाळूनच मूठ धरते.
एक राहिलं. एसी दोन तास चालला की ड्रमला हात लावू देत नाही, इतका तापतो. वायर चार एमएमची घेऊ का?

निवृत्त_अभियंता :
ड्रमवरून वायर पूर्ण काढता का?

झिरोमाईल_ते_कुठेही :
कशाला? पाचच मीटर लागते, बाकी गुंडाळलेलीच असते.

तर्री_पोहे :
हे आता सांगून राहिला, भाऊ! गुंडाळलेल्या वायरीची गर्मी आतच कोंडते. तिसही मीटर मोकळी सोड, नाहीतर सोमवारी "ड्रम जळाला" असा नवीन धागा काढशील.