एस्केप, फ्ली, इव्हेड: कुठे काय वापरायचं?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): दहावीच्या मुलांना यांतला फरक कसा समजवावा? मराठीत सगळीकडे 'पळणं'च येतं.

उत्तर: 'पळणं' बाजूला ठेवा. महाराजबागेतलं माकड पिंजऱ्यातून निसटलं, तर 'एस्केप्ड फ्रॉम द केज'. मरता मरता वाचला, तर 'एस्केप्ड डेथ'. इथे 'फ्रॉम' नको. मुलं हमखास इथेच चुकतात. फ्ली म्हणजे जीव मुठीत धरून पळणं. सुटका होईलच असं नाही. भूतकाळ 'फ्लेड'. 'फ्ल्यू' हा फ्लायचा, तो घोळ आधी मोडा.

दुसरं उत्तर: इव्हेडमध्ये लबाडी असते. टॅक्स इव्हेड करणं गुन्हा; अव्हॉइड म्हणजे कायद्यात राहून कर वाचवणं.

तिसरं उत्तर: इल्यूडही सांगा. 'हिज नेम इल्यूड्स मी': नाव ओठांवर आहे, पण आठवत नाही. इथे एस्केप्सही चालतं.