सळी फुगली की प्लास्टर थापून भागत नाही

खारावारा: काल 'मुंबईकर३०४' यांनी लिहिलं, "समुद्राजवळच्या बिल्डिंगला पोपडे सुटणारच. प्लास्टर मारा, रंग काढा, विषय संपला. स्ट्रक्चरल ऑडिट हा रिडेव्हलपमेंटवाल्यांचा सापळा आहे." वाचता वाचता चहा गार झाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

वर्सोव्याची आमची इमारत १९८२ ची. वाऱ्यातलं मीठ काँक्रीटमधून सळीपर्यंत झिरपतं. गंजाला लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते, मग तो कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, आतून ढकलतो. आधी सळीच्या रेषेत केसाएवढी चीर, मग तपकिरी ओघळ, मग ठोकलं की बद्द आवाज. पोपडा पडतो तो सगळ्यात शेवटी. आम्हीही २०११ ला अडीच महिने परांची बांधून प्लास्टर आणि रंग केला. खारावलेलं काँक्रीट आत तसंच राहिलं. नव्या पॅचच्या कडेची जुनी सळी उलट जास्त जोरात गंजते, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. दोन पावसाळ्यांत प्रत्येक पॅचच्या वीतभर बाजूला नवी फूग. २०१९ पासून जिन्याचा बीम टेकूवर आहे.

मुंबईकर३०४: टेकूवर आहे ना? पडला का? आमच्या आधीच्या सोसायटीत ऑडिटर आला, चार ठिकाणी काँक्रीट तपासायचा हॅमर टेकवला आणि थेट सी-१, म्हणजे रिकामी करा नि पाडा. दुसरा आणला, तो म्हणाला सी-२बी, राहता राहता दुरुस्ती होईल. एकाच पेशंटला एक म्हणतो सर्दी, दुसरा म्हणतो तिरडी बांधा. प्रकरण पालिकेच्या तांत्रिक समितीकडे गेलं, तोवर निम्मे भाडेकरू पळाले. म्हणून 'सापळा' म्हटलं.

खारावारा: अमेरिकेत, फ्लोरिडातल्या सर्फसाइडच्या इमारतीचाही नुकसान दाखवणारा रिपोर्ट २०१८ चा होता. २४ जून २०२१ ला इमारत कोसळली, ९८ माणसं गेली. तीही समुद्रकाठचीच, १९८१ ची.

मुंबईकर३०४: अर्धवट सांगू नका. तिथे पूल डेकचं, म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचं, मूळ डिझाइनच कमकुवत होतं, हे चौकशीत निघालंय. नुसत्या गंजाने नाही पडली.

खारावारा: मान्य. कमकुवत डिझाइन, वर पाणी झिरपलेलं. तुमच्या बिल्डिंगचं डिझाइन तुम्ही तपासलंय वाटतं?

सेक्रेटरी_नाइलाजाने: भांडण सुंदर आहे, पण पैसा? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी, तिशी उलटली की दर तीन वर्षांनी ऑडिट करा म्हणतात सोसायटीचे उपविधी. आणि दुरुस्ती निधी किती? फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. आमचा तो खर्च दीड लाख, तोही तेव्हाचा. म्हणजे घरटी वर्षाला सव्वाअकराशे! एवढ्यात मिस्त्रीचा एक दिवस निघतो.

खारावारा: 'किमान' लिहिलंय ना? एजीएमला, वार्षिक सभेत, वाढवा.

सेक्रेटरी_नाइलाजाने: या तुम्ही एजीएमला. हेल्मेट घालून या.

चौथामाळा_लेकी: मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. फ्लॉवरबेड खोलीत घेणारे आणि बाथरूम फोडणारे! माझ्या वरच्यांनी फरशी बदलताना कोबा फोडला, वॉटरप्रूफिंग गेलं. दोन वर्षं माझ्या किचनच्या स्लॅबमधून ठिबकतंय. सळी उघडी पडलीय. ते म्हणतात, सोसायटी करेल.

सेक्रेटरी_नाइलाजाने: सोसायटी का करेल? बाहेरच्या कॉमन पाइपची, पावसाची गळती आमची. त्यांचं बाथरूम त्यांचं.

चौथामाळा_लेकी: मग पत्र पाठवा ना! अकरा अर्ज दिलेत. तुमच्यासारखाच आमचा सेक्रेटरी, "बघतो, बघतो".

सेक्रेटरी_नाइलाजाने: ताई, मी तुमचा सेक्रेटरी नाही. आणि फुकट राबणाऱ्यावर चढणं सोपं असतं.

गच्चीवाला: वरच्या मजल्यावरच्यांना व्हिलन करू नका. माझ्याही फ्लॅटवर गच्ची गळते. पत्र्याची शेड मागितली तर हेच लोक "एलिव्हेशन बिघडतं" म्हणून मंजुरीला हात वर करत नाहीत.

चौथामाळा_लेकी: शेड घालून तिथे पापड कोण वाळवणार, हेही सांगून टाका.

जांभा: रत्नागिरीचं आमचं चिऱ्याचं घर आजोबांच्या आधीचं. समुद्र हाकेवर. सळीच नाही, गंजणार काय! 🙂

साइटवरचा: जांभाभाऊ, त्यावर सात मजले चढवून दाखवा. बाकीच्यांसाठी: नुसत्या हॅमरच्या आकड्यावर सी-१ देत असेल तर त्याला परत पाठवा, एवढं ३०४ यांचं बरोबर आहे. हॅमर वरवरचा कडकपणा सांगतो, सळीचं काही सांगत नाही. हाफ-सेल लावा, तो सळीचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज देतो. उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर. कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, काढा, क्लोराइड, म्हणजे आत गेलेलं मीठ, मोजा. फिनॉल्फ्थॅलिन (काँक्रीट अजून अल्कधर्मी असेल तर गुलाबी होणारं रसायन) शिंपडून गुलाबी आलं म्हणून पेढे वाटू नका, समुद्राकाठी गुलाबी काँक्रीटमध्येही मिठाने सळी खाल्लेली बघितलीय. आणि दुरुस्ती म्हणजे सळीच्या मागेपर्यंत खोदून, गंज घासून, प्रायमर लावून पॉलिमर मॉर्टर. सळी बारीक झाली असेल तर जोडीला नवी. हे न करता कोट दिला तर तो रंगारी.

मुंबईकर३०४: "एवढं बरोबर आहे" बद्दल आभार, फ्रेम करून लावतो. आज सकाळी खडू आणि लाटणं घेऊन जिना ठोकला. आठ ठिकाणी बद्द वाजला. बायको म्हणते लाटणं नवीन आण. ऑडिटर सुचवा, फक्त विकासकाचा मेहुणा नको.

चौथामाळा_लेकी: आणि माझ्या किचनचं काय?