'अनसेटलिंग' म्हणजे नेमके काय? भयपटांतून भेटणारे इंग्रजी शब्द

'अनसेटलिंग' या विशेषणाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला एका भयपटाचे परीक्षण वाचताना पडला. शब्दकोश 'अस्वस्थ करणारे' असा अर्थ देतो आणि तो चुकीचा नाही. पण वाईट बातमीही माणसाला अस्वस्थ करते आणि रात्रभर रखडलेला प्रवासही. परीक्षण लिहिणाऱ्याला जे म्हणायचे होते ते याहून नेमके होते. पडद्यावर भिण्यासारखे अजून काहीही घडलेले नाही, घर तसेच आहे, माणसे नेहमीसारखी बोलत आहेत, तरीही पाहणाऱ्याच्या मनाची बसलेली घडी कुठेतरी विस्कटली आहे. 'सेटल' म्हणजे स्थिरावणे, आणि ते स्थिरावलेपण मोडते ते 'अनसेटलिंग'. मला 'बेचैन करणारे' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण बेचैनीला कारण सांगता आलेच पाहिजे असे नाही.

या एका शब्दामुळे मी भयपट वही जवळ ठेवून पाहू लागलो, आणि लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. 'ईअरी', 'अनकॅनी', 'मकाब्र' (मृत्यूची भीषण छाया असलेले) यांसारखी विशेषणे चित्रपटातली पात्रे जवळजवळ कधीच उच्चारत नाहीत. ती परीक्षणांत आणि जाहिरातींत राहतात. घाबरलेला माणूस अगदी साधे बोलतो. 'हू इज देअर?', 'स्टे पुट' (जागचा हलू नकोस), 'डिड यू हिअर दॅट?' एवढेच त्याच्या तोंडी असते. मात्र या साधेपणातही 'समथिंग इज ऑफ' यासारखे वाक्य येते आणि शिकणाऱ्याला अडवते. त्याचे भाषांतर मी आधी 'कुठेतरी पाणी मुरते आहे' असे केले होते आणि ते चुकले होते. पाणी मुरते तिथे कोणाच्या तरी लबाडीचा संशय असतो. त्या अर्थाला इंग्रजीत 'फिशी' हा शब्द आहे. 'ऑफ' म्हणताना कोणावरही आळ नसतो, केवळ नेहमीची लय सुटलेली असते. 'काहीतरी बिनसले आहे' हे बरोबर बसते.

शब्दांची खरी खाण आहे ती पडद्याच्या तळाशी, ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी चौकटी कंसात दिलेल्या ध्वनिवर्णनांत. भयपटात भीती आवाजावर चालते, म्हणून इथे आवाजांची क्रियापदे जितकी सापडतात तितकी इतर प्रकारच्या चित्रपटांत सहसा सापडत नाहीत. एक दृश्य माझ्या चांगले लक्षात आहे. एक बाई अंधाऱ्या खोलीत पलंगावर बसली आहे, दिवा हातात आहे, संवाद नाही. तळाशी शब्द येतात: 'फ्लोअरबोर्ड क्रीक्स'. मग 'फेंट ब्रीदिंग'. मी तो श्वास तिचाच समजून चाललो होतो. नंतर 'ब्रीदिंग स्टॉप्स' असे अक्षर उमटले, आणि बाईची छाती मात्र वरखाली होतच राहिली. त्या क्षणापासून 'फेंट' म्हणजे 'अस्पष्ट, जेमतेम ऐकू येणारा' हे मला पुन्हा पाठ करावे लागले नाही. तोवर मी या शब्दाचा 'बेशुद्ध पडणे' एवढाच अर्थ धरून बसलो होतो.

ध्वनिवाचक शब्दांत मराठी मुळीच गरीब नाही, आणि म्हणूनच इथे गफलत होते. आपण दार करकरते म्हणतो, कोरा जोडा करकरतो म्हणतो आणि रागाने दात करकरा खातो असेही म्हणतो. इंग्रजीत दाराला, लाकडी जिन्याला आणि जोड्याला 'क्रीक' चालते, दातांना मात्र 'ग्राइंड' किंवा 'नॅश' लागते, आणि गाडीच्या ब्रेकचा कर्कश आवाज 'स्क्रीच' होतो. 'थड' हा आपला 'धप्प': जड वस्तू बोथट आवाज करत पडते तो, दार धाडकन आपटले तर तो 'थड' नव्हे, 'बँग' किंवा 'स्लॅम'. 'रसल' म्हणजे पानांची, कापडाची किंवा कागदाची सळसळ. त्याच्या लेखनातला 'टी' उच्चारत नाहीत. 'व्हिंपर' म्हणजे रडणे नव्हे आणि मुसमुसणेही नव्हे (त्याला 'सॉब' आहे). भ्यालेले मूल किंवा जखमी कुत्रे जो क्षीण, केविलवाणा आवाज काढते तो. 'गॅस्प'ला मात्र मला एकच क्रियापद सापडलेले नाही. धापा टाकणे म्हणजे 'पँट', आ वासणे म्हणजे 'गेप'. दचकून एकदम आत ओढलेला श्वास मराठीत वाक्यानेच सांगावा लागतो.

भीतीच्या निरनिराळ्या अवस्थांचे शब्द हा या चर्चेतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. 'ड्रेड' म्हणजे धास्ती: जे अजून यायचे आहे त्याची. 'टेरर' आणि 'हॉरर' यांना आपण सरसकट 'भय' म्हणून मोकळे होतो, पण त्यांत भेद आहे आणि तो इंग्रज कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ हिने तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला आहे. तिच्या मते 'टेरर' मनाचा विस्तार करतो आणि जाणिवा जाग्या करतो, तर 'हॉरर' त्यांना आक्रसून गोठवतो. पावले जिना चढत असताना जे वाटते ते पहिले, दार उघडल्यावर समोर दिसते त्याने होते ते दुसरे. नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे ठेवले आहेत. 'हॉरर'मध्ये बीभत्साची किळसही मिसळलेली असते, 'टेरर'मध्ये ती नसते. हे दोन रस त्या दोन शब्दांशी एकास एक जुळतात असे मी म्हणणार नाही, पण भेद ओळखायला त्यांची मदत होते.

या दोन शब्दांची मुळे तर आपल्या घरातच निघतात. 'हॉरर' ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ 'केस ताठ उभे राहणे, शहारणे' असा आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत 'हृष्' या धातूशी जोडतात. 'हर्ष' त्याच धातूचा, आणि 'रोमहर्ष' या शब्दात केस उभे राहण्याचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. एकच शारीरिक प्रतिक्रिया, अंगावर उभा राहणारा काटा, लॅटिनकडून इंग्रजीत गेली ती भय होऊन, आणि आपल्याकडे आली ती आनंद होऊन. म्हणून 'हॉरर' चित्रपटाला 'रोमहर्षक' म्हणता येत नाही. तो शब्द आपण चुरशीच्या सामन्याला वापरतो. तसेच 'टेरर'चे मूळ संस्कृत 'त्रस्' धातूचे, म्हणजे भयाने थरथरण्याचे, सगोत्र आहे. नाट्यशास्त्रातल्या व्यभिचारी (म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, क्षणिक) भावांत 'त्रास' आहे तो याच अर्थाने. मराठीत त्रास इतका झिजला की आता तो डासांचाही होतो.

'ईअरी'साठी 'भयाण' सुचवावेसे वाटते, पण शेजारचा शब्द पाहून: 'ईअरी सायलेन्स' म्हणजे भयाण शांतता हे चपखल आहे, 'ईअरी लाफ' म्हणजे मात्र भेसूर हसणे. या शब्दाचा जुना अर्थ 'भित्रा' असा होता. भिणाऱ्याचे विशेषण पुढे भिवविणाऱ्याला लागले. हीच अदलाबदल शिकणाऱ्याच्या तोंडी आजही होते. 'आय ॲम स्केअरी' असे म्हणणारा मनुष्य 'मी घाबरलो आहे' असे सांगू पाहत असतो आणि 'माझी भीती वाटते' असे सांगून बसतो. 'स्केअर्ड' भिणारा, 'स्केअरी' भिवविणारा, एवढे पक्के केले की पुष्कळ काम होते.

'अनकॅनी'वर स्वतंत्र चर्चा व्हावी, इतका तो मोठा विषय आहे. इथे एवढेच नोंदवतो की मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१९ साली ज्या जर्मन शब्दावर निबंध लिहिला, त्या 'उनहाइमलिश'मध्ये 'हाइम' म्हणजे घर आहे. ओळखीचेच परके वाटू लागणे, हा त्याचा गाभा; 'विलक्षण' म्हटल्याने तो हाती लागत नाही.

शेवटचा शब्द 'इन्सिडिअस'. २०१० च्या एका भयपटाचे हे नाव अनेकांना ठाऊक असते, अर्थ क्वचित. कोश 'कपटी' म्हणतो, पण तो रोगालाही लागतो आणि रोग कपट करत नाही. 'नकळत आतून पोखरणारा' हे अधिक बरोबर. त्याच्या लॅटिन मुळात 'आत बसणे' आणि त्यातून 'दबा धरणे' असा अर्थ आहे, जो आपल्या 'दबा धरून बसणे'शी शब्दशः जुळतो. मग 'लर्क'ला काय म्हणावे, हा प्रश्न उरतो. दबा धरणाऱ्याला झडप घालायची असते. 'लर्क' करणारा कदाचित कधीच काही करणार नाही, तो केवळ काळोखात आहे. 'घुटमळणे'मध्ये लपणे नाही, 'लपणे'मध्ये तो दबलेला धोका नाही. 'सावलीत वावरणे' हा माझा सध्याचा कच्चा पर्याय आहे. याहून नेटका, एकाच शब्दाचा पर्याय कोणाला ठाऊक असल्यास तो मला हवा आहे.